हायब्रिडचा दम आणि सासूबाईंचं सोवळं

हायब्रिड गाडीतलं मला सगळं कळतं!

म्हणजे, कळत होतं. देवासहून निघेपर्यंत.

धारला मोरोपंतमामांकडे कुळाचार होता. नैवेद्य एक वाजता, आणि पुरण आमच्या सासूबाईंच्याच हातचं, तेही सोवळ्यात. दरवर्षी त्या बसने जातात. यंदा मी छाती फुगवून म्हणालो, "आई, माझ्या गाडीतून चला! चालता चालता स्वतःच चार्ज होते. बसचं नावसुद्धा काढणार नाही तुम्ही!"

आणि उत्साहाच्या भरात त्यांचं सामान उचललं. त्यात सोवळ्याचं लुगडं होतं.

हात लागला!

सासूबाई तडक मागे वळल्या. (हे वाईट लक्षण.) आत गेल्या, लाल नऊवारी पुन्हा धुतली, पिळली, आणि ती घेऊन मागच्या सीटवर सोवळ्याची लोकरी धाबळी अंथरून बसल्या.

"पियुषराव, आता मागे वळायचं नाही. पुढे बघा."

बघितलं. बेटम्यापर्यंत गाडी लोण्यासारखी चालली. मग मागून पंख्याची घरघर. गाडी म्हशीसारखी जड. चार्जच्या कांड्या एकेक करून गुल! पडद्यावर लाल अक्षरं: बॅटरी तापली.

निदान पहिलं: एसीचा भार. एसी बंद केला. बॅटरी तापलेलीच. आता आम्हीही.

निदान दुसरं: बॅटरीची वायर सैल. बॉनेट उघडलं. आत बॅटरीच नाही!

"कृतिका! बॅटरी चोरीला गेली!"

"चालत्या गाडीतून?" बायको म्हणाली.

निदान तिसरं: (खोडलं. बायको अजून बघत होती.)

साडेनऊ. जवळच पीथमपूरला गाड्यांच्या कारखान्यात असलेल्या वीरेंद्र या मित्राला फोन केला. बिचारा रातपाळी संपवून झोपायला निघाला होता, तो तसाच मोटारसायकलवर आला.

"भिया, छोटी बैटरी तो डिक्की में रेती हे! और बड़ी वाली पिछली सीट के नीचे. वो सीट के बाजू की जाली से ठंडी हवा खींचती हे. जाली पे कुछ रखा तो नी?"

त्याने मागचं दार उघडलं.

"हात लावू नका!"

वीरेंद्र दोन पावलं मागे उडाला. "भिया, अंदर करंट हे क्या?"

मी वळून बघितलं. जाळीवर ओलं लुगडं, चौपदरी, चोपून बसवलेलं!

"छान वारा ओढते हो ही जाळी," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "गंगाजळाने पुसून घेतली मी आधी."

"आई, बॅटरीचा श्वास कोंडलाय!"

"आणि मी ओलेत्याने दोन तास चुलीशी उभी राहू? या गुडघ्यांनी? ते ओलं झालं कोणामुळे?"

कृतिका एकदम ढगांचं निरीक्षण करू लागली. बॅटरी वाचवावी तर पुरण जातं, पुरण वाचवावं तर बॅटरी! शेवटी वीरेंद्रच भीत भीत म्हणाला, "माजी, खिड़की से सुखा लो नी."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "वाऱ्याला कसलं आलंय ओवळं! काच खाली करा, पियुषराव."

मग बेटमा ते धार, एका टोकाला मुठीत घट्ट धरलेला पदर आणि बाहेर फडफडणारं लाल लुगडं. मागचे ट्रक आम्ही लोखंडी सळया नेतोय असं समजून अंतर राखून होते! जाळी मोकळी झाली, पंखा शांत झाला, कांड्या भरल्या. अकराला धार. लुगडं पापडासारखं कडक!

पुरण वेळेत झालं. नैवेद्य एकच्या ठोक्याला. जेवताना मोरोपंतमामांनी विचारलं, "उमाताई, परतीचं बसचं तिकीट काढू ना?"

"छे! मी पियुषरावांच्याच गाडीने जाणार."

मी पाटावर चार बोटं उंच झालो. "आवडली ना आई, हायब्रिड?"

"ते काय ते मला ठाऊक नाही. पण बसची खिडकी अर्धीच उघडते हो. नऊवारी मावत नाही."