रुमालाखालचा भाव

राजेश्वरीने घरात एवढंच विचारलं होतं, की जुन्या शिलाई मशीनला किती पैसे द्यावेत. तिथंच चुकलं. कन्हेरी गावात कामाला हाक मारली तर घरातलं माणूस सापडत नाही, पण भाव विचारला की सगळ्यांना एकदम मतं फुटतात. सासूबाई म्हणाल्या, "लोखंडच हाय, किलोवर घे." नवरा रणजित मोबाइलमध्ये बघून म्हणाला, "लंडनला अशीच एक दीड लाखाला गेलीया."

"मी लंडनहून न्हाय आणत. भवानीनगरहून आणतीय," राजेश्वरी म्हणाली.

भवानीनगरच्या कुशाबाईंकडे त्यांच्या दिवंगत नवऱ्याची साठ वर्षांपूर्वीची पायमशीन विकायला होती आणि राजेश्वरीला ती हवीच होती. बारामतीच्या एका दुकानाने तिला वीस गोधड्यांची ऑर्डर दिली होती. सोमवारी काम सुरू झालं नाही, तर ती दुसऱ्या बाईला जाणार होती. घरातली मोटारीची नवी मशीन ब्लाउजवर भुर्रकन पळायची, पण गोधडीचे चार थर खाली घातले की सुई मोडून मोकळी. भिशीचे साडेचार हजार तिने डब्यात जपून ठेवले होते. त्यापलीकडे तिच्याजवळ दमडी नव्हती.

"म्हस्कूतात्यास्नी घिऊन जाऊ," रणजित म्हणाला. "चाळीस वर्षं बैलबाजारात दलाली केलीया. त्यास्नी कोण गंडवणार?"

रणजितचे हे चुलते खरोखरच कधी गंडले नव्हते, कारण सौद्यातला पैसा कधीच त्यांचा नसायचा. ही बारीक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही.

पिकअपमध्ये तात्यांनी शिकवणी घेतली. "माल आवडला की त्वांड वाकडं करायचं, सूनबाई. जेवढा आवडंल तेवढं वाकडं."

"आन् न्हाय आवडला तर?"

"मग चा पिऊन माघारी यायचं."

कुशाबाईंच्या मधल्या खोलीत मशीन उभी होती. काळीभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, चाकाला नुसतं बोट लावलं तरी गरगरणारी. राजेश्वरीला ती इतकी आवडली, की तोंड वाकडं करता करता तिची मान अवघडली.

"पोरीची दाढ दुखतीया का?" कुशाबाईंनी विचारलं.

तात्यांनी मशिनीभोवती दोन फेऱ्या मारल्या. तिच्या पाठीवर थाप दिली. खाली वाकून, कापड पुढे सरकवणारे दाते निरखले. "दात झिजल्यात. वय झालंय." मग चारही पाय हलवून पाहिले. "मागचा डावा लंगडतोय."

"फरशी खालीवर हाय," कुशाबाई म्हणाल्या.

तात्या स्टुलावर बसले आणि त्यांनी पाय मारला. नवख्या पायाखाली अशी मशीन हमखास उलटी फिरते. तशी ती फिरली, दोरा गुंतला आणि तटकन तुटला. तात्या विजयी मुद्रेने उठले. "मागं चालती! येवढी मोठी खोड लपवून विकत व्हता व्हय?"

कुशाबाई सत्तरीच्या. याच मशिनीवर त्यांच्या मालकांनी साखर कारखान्याच्या कॉलनीतले निम्मे सदरे शिवले होते. त्यांचा पारा चढला. "खोड मशिनीत न्हाय पाव्हणं, तुमच्या पायात हाय. मला विकायचीच न्हाय. निघा!"

राजेश्वरीचं वाकडं तोंड खाडकन सरळ झालं. सोमवार डोळ्यांपुढे उभा राहिला. चाळीस वर्षांच्या अनुभवाने दहा मिनिटांत तिचं वाटोळं केलं होतं.

तेवढ्यात कुशाबाईंचे दीर आप्पासाहेब ओसरीवर आले आणि ओरडले, "आरं म्हस्कू! तू हितं कसा?" दोघेही बैलबाजारातले जुने गडी. मिठ्या झाल्या, मेलेल्या दोस्तांची यादी झाली. "वैनी, राग सोडा," आप्पासाहेब म्हणाले. "ह्यो सौदा आमच्यावर सोपवा."

बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. एक बोट म्हणजे हजार, पंजा म्हणजे पाच. आता तात्यांनी कुशाबाईंचा हात धरणं तर शक्यच नव्हतं. त्यामुळे मशिनीची मालकीण आणि मशिनीचं गिऱ्हाईक, दोघींना आत पाठवण्यात आलं आणि ज्यांचा मशिनीशी काडीचा संबंध नव्हता, ते दोघे ओसरीवर रुमाल टाकून बसले. पंच म्हणून रणजित.

आत राजेश्वरीला राहवलं नाही. "काकी, मला त्वांड वाकडं कराय सांगितलं व्हतं. खरं सांगू? मशीन लई आवडलीय मला."

"मग चालवून दाव."

राजेश्वरीने दोरा ओवला, पिशवीतून गोधडीचा जाड तुकडा काढून खाली घातला. हाताने चाकाला पुढे ढकललं आणि पाय टेकले. मशीन चार थरांवरून टकटक करत सरळ गेली. एक टाका सुटला नाही, सुईने कुरकुर केली नाही. राजेश्वरीच्या डोळ्यांत पाणीच आलं. कुशाबाईंनी तुकडा उलटा करून मागची शिवण पाहिली, नखाने ओढून पाहिली.

"किती हायती तुझ्याजवळ?"

"साडेचार हजार."

"चार दे. पाचशे सुया-दोऱ्याला ऱ्हाऊ देत. मालक गेल्यापास्नं तिच्यावर नुसती फडकी टाकत्यात लोकं. ती चालती ऱ्हायली की मला बास."

पाच मिनिटांत झालं. मग दोघी चहा घेऊन ओसरीवर आल्या, तर तिथे दोघांचे आवाज टिपेला पोचले होते. रुमालाखालचा भाव रुमालाबाहेर पडला होता.

"नवाच्या खाली एक रुपाया न्हाय!" म्हस्कूतात्या ओरडत होते.

"दोनाच्या वर एक रुपाया न्हाय!" आप्पासाहेबांनी मांडीवर हात आपटला.

"काकी, पाव तास दोघं हितंच अडकल्यात," रणजित घाम पुसत म्हणाला. "माझं तर डोकंच चालंना."

कुशाबाईंनी चहाचा ट्रे खाली ठेवला. "भावजी, आपुन मशीन विकाय बसलाय का घ्यायला?"

आप्पासाहेब थबकले. त्यांनी आयुष्यभर ऊस वाहणाऱ्या गाड्यांसाठी बैल विकत घेतले होते आणि तात्यांनी आयुष्यभर लोकांचे बैल विकून दिले होते. रुमाल पडला की एकाची बोटं खाली ओढायची, दुसऱ्याची वर. डोक्याला विचारण्याची पद्धतच नव्हती. त्यामुळे घेणारा नऊ हजार देण्यावर हटून बसला होता आणि विकणारा दोनच्या वर घ्यायला तयार नव्हता.

"ते कळतंय की मला," आप्पासाहेब म्हणाले. "आमी नुसतं हात मोकळं करत व्हतो."

रुमाल पुन्हा पडला. या वेळी दिशा बरोबर होती. कुशाबाई "आवो, आमचं ठरलंय" म्हणेपर्यंत सौदा पक्का झाल्याची टाळी वाजली.

"सहा हजार!" दोघे एकदम म्हणाले.

राजेश्वरी कप खाली ठेवून पुढे झाली. "आमचं आत चारला ठरलंय!"

"टाळी पडली, सूनबाई," तात्या गंभीरपणे म्हणाले. "शबुद म्हंजी शबुद. टाळी मोडली तर बाजारात त्वांड कसं दावायचं?"

"बाजारात जाऊन धा वर्षं झाली तुमाला," रणजित म्हणाला.

"तरीबी."

आप्पासाहेबही मान डोलावू लागले. कुशाबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "शबुद कुणाचा, पाव्हणं?"

"माझा!" तात्यांनी छाती पुढे काढली.

"मग वरचं दोन हजार तुमी द्या."

तात्यांनी रणजितकडे पाहिलं. रणजित पिकअपमध्ये दोर आहे का ते बघायला घाईने निघून गेला. तात्यांनी आप्पासाहेबांकडे पाहिलं. आप्पासाहेब बशीत चहा ओतत होते. शेवटी तात्यांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला, पाचशेच्या चार नोटा काढल्या, मोजल्या, कमी भरतात का म्हणून पुन्हा मोजल्या आणि दिल्या.

कुशाबाईंनी राजेश्वरीचे चार हजार कमरेच्या पिशवीत टाकले. तात्यांच्या नोटा हातातच ठेवल्या. "गोधड्या शिवतीस म्हंतीस ना? मला एक पायजे. काय घेशील?"

राजेश्वरीने त्या नोटांकडे एकदा पाहिलं. "दोन हजार."

"दीड घे. कापड माझं."

"कापड तुमचं आसलं तरी दोन."

"थांबा, थांबा," तात्या पुढे सरसावले. "ह्येच्यात मी..."

"तुमी चा प्या!" दोघी एकदम म्हणाल्या.

कुशाबाई हसल्या आणि चारही नोटा राजेश्वरीच्या हातावर ठेवून त्यांनी तिची मूठ मिटली. "पयली माझी शिवायची," त्या म्हणाल्या. "दुकानाच्या वीस मागनं."