आज मेलीस तर कुठं जाशील?

लग्न होऊन मी कोरेगावात आले. टांग्यातून उतरून पदर सावरते न सावरते, तोच शेजारच्या दारातून एक उंच, काटकुळी बाई आली, माझी हनुवटी वर केली आणि म्हणाली, “आज मेलीस तर कुठं जाशील?”

मी सांगलीची, मिशनच्या बोर्डिंगात शिकलेली, म्हणजे स्वतःला फार शहाणी समजणारी. म्हटलं, “अहो, आत्ताच तर आलेय!”

या रूथमावशी. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या बायबलबाई. आसपासच्या वाड्या-वस्त्या पायी हिंडायच्या आणि बायकांना शुभवर्तमान सांगायचं, हे त्यांचं काम. काखेत छत्री, पिशवीत बायबल, पायांत नवऱ्याच्या वहाणा. नवरा कधीच वारला होता. “तो पोचला, वहाणा राहिल्या,” असं त्या सरळ तोंडानं सांगत.

हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारत. बाजारात वांगीवालीला विचारला तर ती म्हणाली, “आदी वांगी घ्या, मग मरते.” नवरदेवाला मांडवात विचारला. तापकऱ्यांवर तर त्यांचा विशेष जीव. मावशी दारात दिसल्या की फणफणलेला माणूसही उठून बसे आणि “मला बरं वाटतंय,” म्हणे. डॉक्टरांच्या औषधानं हे होत नसे.

मयताच्या घरी त्यांना न्यायचं म्हणजे जिवावर यायचं. कुणीतरी डोळे पुसत म्हणायचं, “फार चांगला माणूस होता हो.” मावशी लगेच म्हणायच्या, “ते राहू दे. विश्वास होता का?” एकदा मयताचा थोरला मुलगा काठी शोधायला आत गेला होता.

त्यांचं म्हणणं सोपं होतं, म्हणूनच भयंकर होतं. माणूस मुळातच पापी. चांगलं वागून कुणी सुटत नाही. ख्रिस्तानं वधस्तंभावर आपल्यासाठी जीव दिला, त्याच्यावर ज्यानं त्यानं स्वतः विश्वास ठेवायचा, तोच नवा जन्म. आईबापाच्या विश्वासावर लेकराचं भागत नाही. आणि हे सगळं मरणाच्या आधी. नंतर दार बंद.

“चांगुलपणाचं गाठोडं दाराबाहेर ठेवायचं,” त्या म्हणत. “आत न्हेऊ देत न्हाईत.”

माझी तर झोपच उडाली. मी जन्माचीच ख्रिस्ती. नवा जन्म कधी झाला, ते आठवेना. त्यात बुधवारच्या प्रार्थनेला साक्ष द्यायची, म्हणजे आपण केवढे पापी होतो आणि प्रभूनं कसं तारलं, ते सगळ्यांसमोर सांगायचं. माझ्याजवळ पापांचीच टंचाई! बोर्डिंगात गुळाचा एक खडा चोरला होता, त्यावर बोलणार किती? मग मी त्या खड्याची ढेप केली, वर मत्सराची फोडणी घातली आणि हुंदके देऊन रडले. मला वाटलं, मंडळी हेलावली. हेलावल्या त्या सासूबाई. दुसऱ्या दिवशी गुळाच्या डब्याला कुलूप आलं.

मावशींना विचारलं, “कशी झाली साक्ष?”

“लय गुळचट,” त्या म्हणाल्या. “निम्मा वेळ स्वतःवर बोललीस, निम्मा चोरीवर. तारणारा कुठं होता गं त्यात?”

मावशींना मूलबाळ नव्हतं. गावाच्या कडेला सोनाक्काचा उसाचा मळा होता. सोनाक्का मराठ्याची, विधवा. मावशी मळ्यावरून जाताना ती त्यांच्या लोट्यात ताक ओतायची, वरून, लोट्याला हात न लावता. मावशी ते उंबऱ्याबाहेर बसून प्यायच्या. दोघींना त्यात वावगं वाटत नसे, मग आम्हाला काय वाटणार. पण सोनाक्काचा एकुलता एक शिरपा मात्र लहानपणापासून मावशींच्या चुलीपाशी पडीक. त्यांच्या प्रश्नाला त्याचं उत्तर दर वेळी नवं. “आज मेलास तर कुठं जाशील रं?” “म्हसवडला, जत्रेला!” सगळ्या गावात मावशींना हसवणारा तो एकटाच.

लढाई सुरू झाली आणि शिरपा भरती झाला. ब्रह्मदेशातून त्याची पत्रं यायची, मग येईनाशी झाली. मग तार आली.

तार आल्यावर काही दिवसांनी, दुपारच्या उन्हात, सोनाक्का आमच्या वस्तीत आली. आजवर ती कधी आली नव्हती. मी मावशींबरोबर ओट्यावर शेंगा फोडत होते. ती उन्हातच उभी राहिली.

“रूथबाई, तुमी समद्यास्नी इचारता. आता मी इचारते. माझा शिरपा कुठं हाय?”

मला उत्तर पाठ होतं. बोर्डिंगात धर्माच्या प्रश्नोत्तरांत पहिला नंबर यायचा माझा. अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. नशीब, तोंडात शेंगदाणे होते.

मावशी उठल्या नाहीत. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. पोरगा गुणाचा होता, असं म्हणता आलं असतं. पण ते गाठोडं तर त्यांनीच जन्मभर सगळ्यांना बाहेर ठेवायला लावलेलं.

“मला ठावं न्हाई, सोनाक्का,” त्या म्हणाल्या.

“तुमाला ठावं न्हाई?”

“अख्ख्या मुलखाला विचारत हिंडले. ठेसनावर तो माझ्या पाया पडला. प्रश्न तोंडात आला होता. पण नवा खाकी सदरा घालून असा हसत होता… आयुष्यात पहिल्यांदा मला मरणाचं नाव काढवलं न्हाई. ‘वेळेवर जेवत जा,’ एवढंच म्हटलं. मी विचारलं असतं तर कदाचित…”

सोनाक्का ओट्याजवळ आली. मला वाटलं, आता शिव्या देणार.

“जेवायचा न्हवं तुमच्यात?”

“व्हय. तुमाला चोरून.”

“ठावं हाय मला. सदऱ्याला तुमच्या लसणाच्या चटणीचा वास यायचा.” मग ती ओट्यावर चढली आणि मावशींच्या शेजारी टेकली. “बरं केलं, इचारलं न्हाई ते. जाताना लेकराला मरणाचं कोन बोलतंय? घोटभर पानी द्या.”

आमच्या घरातलं पाणी! मी आणायला धावले, ती एवढ्या घाईत, की निम्मं वाटेतच सांडलं.

त्यानंतर मावशी पहिल्यासारख्याच वाड्या-वस्त्यांवर जात राहिल्या. पण एका सकाळी मी विस्तव मागायला गेले, तर त्या चुलीपुढं गुडघे टेकून बोलत होत्या. “प्रभू, तो पडला आहे. भोवती जंगल आहे. त्याच्याजवळ जा. तुझ्या शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला शेवटच्या घटकेला स्वर्गात घेतलंस, तसं यालाही विचार. तू विचार, माझ्याच्यानं झालं न्हाई.”

मेलेल्यासाठी प्रार्थना आमच्यात करत नाहीत. त्याचा निकाल लागलेला असतो. मी शहाणी पुढं झाले. “मावशी, अहो, शिरपाला जाऊन वर्ष होत आलं.”

त्यांनी डोळे उघडले नाहीत. “वर्ष आपल्याला होतंय गं. प्रभूला कसलं आलंय काल अन् आज? ती घटका त्याच्यापुढं अजून हाय. मला मधीच बोलायला लावू नको, उशीर होईल.”

मी विस्तवाचं विसरले. शेजारी गुडघे टेकले आणि त्या थांबल्या तेव्हा ‘आमेन’ म्हटलं.

हे नियमात बसतं का, ते मी पुढं कितीतरी पाळकांना विचारू शकले असते. विचारलं नाही. विचारलं, तर कुणीतरी सांगून बसेल.