तात्या कॅमेरा बघतायत

दशक्रियेला गेलं की लोक आधी गेलेल्याच्या घरच्यांना भेटतात. आमचे शेजारी सोपानतात्या आधी फ्लेक्सला भेटतात. गेलेल्या माणसाचा भला मोठा फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली शोकाकुल मंडळींची यादी. तात्या चष्मा कपाळावर सरकवून फ्लेक्सच्या पार नाकाशी जातात, मग चार पावलं मागं येतात आणि माझ्या कानाशी लागून निकाल देतात, "मानूस लाख मोलाचा हुता, सर. पन फोटो फुटलाय."

फोटो फुटणं म्हणजे लहान फोटो ताणून फ्लेक्सएवढा केल्यावर माणसाच्या तोंडाचे चौकोन चौकोन दिसणं. आमच्या देवळाली प्रवऱ्यात हे सर्रास चालतं. माणूस जिवंत असताना त्याचा धड फोटो कोणी काढत नाही आणि गेल्यावर दहा मिनिटांत फ्लेक्सवाल्याला हवा असतो. मग आधार कार्डावरचा काढतात, नाहीतर कोणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपमधून कापतात. एका आजोबांचा असाच कापला, तर शेजारच्याचा हात आजोबांच्या खांद्यावर तसाच राहिला. नुसता हात, मनगटाला घड्याळ. श्रद्धांजलीची भाषणं चालली होती आणि तात्या मला विचारतात, "सर, ह्यो हात कुनाचा म्हनायचा? न्यायला आला हुता त्याचा का?" मी भर दशक्रियेत हसलो. त्या घरचे लोक अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. तात्यांशी मात्र बोलतात!

तात्या पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याचं पाणी कोणाच्या उसाला आधी आणि कोणाच्या नंतर, हे त्यांनी तीस वर्षं एका शब्दात ठरवलं. समोर कुऱ्हाड घेऊन उभा राहिलेला माणूससुद्धा त्यांनी "तुझी पाळी उद्या" म्हणून परत पाठवलाय. पण पाण्याचा विषय सोडला, तर या माणसाला आजवर काहीही ठरवता आलेलं नाही. लग्नाचंसुद्धा बघता बघता राहून गेलं. "स्थळं लई आली," ते म्हणतात, "पन परत्येकाला दुसरी बाजू हाय ना."

आणि गेली तीन वर्षं तात्या कॅमेरा बघतायत.

कॅमेरा हवाय तो चंद्राआक्कांसाठी. आक्का म्हणजे तात्यांची थोरली वहिनी. तात्यांची आई गेली तेव्हा तात्या पाच वर्षांचे. त्याच साली आक्का लग्न होऊन घरात आल्या, त्या स्वतःच पंधरा वर्षांच्या, आणि आल्या आल्या त्यांना हे तयार पोर मिळालं. आक्कांचे यजमान, म्हणजे तात्यांचे दादा, चार वर्षांपूर्वी वारले. आता घरात हे दोघंच. आक्का पंच्याहत्तरीत, तब्येत नरमगरम, आणि त्यांचा एकही बरा फोटो नाही. आधार कार्डावर त्या एखाद्या गुन्ह्यातल्या आरोपीसारख्या दिसतात. "वैनीचा फोटो फुटता कामा न्हाई," हा तात्यांचा ध्यास. कशासाठी, ते बोलत नाहीत. सगळ्यांना कळतं. आक्कांना तर आधी कळतं.

आता अडचण बघा. दुकानात कॅमेरे दोन जातीचे. एक लहान, बंडीच्या खिशात मावणारा. दुसरा मोठा, गळ्यात अडकवायचा, त्याच्या लेन्स काढता-घालता येतात. मोठ्याचा फोटो कितीही ताणा, फुटत नाही. पण तो अंगणातूनच दिसतो, आणि कॅमेरा दिसला की आक्का पदर नाकापर्यंत ओढून कोर्टात साक्षीला बसल्यासारख्या बसतात. लहान कॅमेरा आक्कांना कळायच्या आत काम करील. पण मग फ्लेक्सवर फुटला तर? मोबाईलचं नावही काढायचं नाही. "मोबाईलचा फोटो मोबाईलमधीच बरा."

या प्रश्नापायी मी तात्यांबरोबर एसटीनं सहा वेळा नगरला गेलोय. मी हायस्कूलला इतिहास शिकवतो, म्हणजे मला सगळ्यातलं कळतं, असा तात्यांचा समज आहे. मीही तो मोडलेला नाही. पहिल्या वेळी दुकानदारानं झाडून सगळे कॅमेरे काउंटरवर मांडले. लेन्स वेगळी घ्यावी लागते म्हटल्यावर तात्या हबकले. "म्हंजे बैल घ्यायचा आन शिंगं येगळी इकत घ्यायची?"

"काका, पण शिंगं बदलता येतात ना," दुकानदार उत्साहानं म्हणाला.

"कशापायी बदलायची?"

त्या बिचाऱ्यानं फडकं घेऊन लेन्स पुसायला सुरुवात केली. मग तात्यांनी लहान कॅमेरा तळहातावर घेतला, हुंगायचा तेवढा बाकी ठेवला, आणि म्हणाले, "तसा झ्याक हाय. पन आतमधी जागा केवढीशी! वैनी मावायची कशी?" चौथ्या खेपेपासून दुकानदारानं कपाट उघडणंच बंद केलं. आम्ही दिसलो की तो नुसता चहा सांगतो. चहा चांगला असतो, हे कबूल करायला हवं.

एकदा तात्यांनी घरच्या घरी प्रयोग केला. लहान कॅमेऱ्याच्या जागी साबणाची डबी आणि मोठ्याच्या जागी दोरी बांधलेला थर्मास. सकाळी आक्का भाजी निवडत बसल्या होत्या. तात्यांनी खिशातून साबणाची डबी झर्रकन काढून डोळ्याला लावली. आक्का खळखळून हसल्या. "सोपाना, आंगुळ व्हायचीय का आजून?" दुपारी थर्मास गळ्यात घालून गेले. आक्कांनी लांबूनच पदर ओढला आणि म्हणाल्या, "रिकामा थर्मास डोळ्याला लावून काय बघतूस? डोळं तपासून घे." तात्या कुंपणाशी येऊन मला सांगायला लागले, "डबीपुढं हसली, थर्मासापुढं न्हाई. लहानच घ्यायचा. ठरलं." मी म्हटलं, सुटलो! दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणावर हजर. "पन सर, दुसरी बाजू हाय ना."

शेवटी माझंच डोकं फिरलं. माझा मेहुणा राहात्याला लग्नांचं शूटिंग करतो. गेल्या महिन्यात तो आमच्याकडे आला, गळ्यात हा एवढा कॅमेरा. नेमके तात्या सोनईला एका दशक्रियेला गेले होते. मी मेहुण्याला घेऊन थेट आक्कांच्या ओट्यावर गेलो. वाटलं, आता पदर ओढतील. पण आक्का म्हणाल्या, "थांबा, केस इंचरते." केस विंचरून आल्या, तोंड पुसलं, ठेवणीतलं लुगडं नेसल्या. "लई हेलपाटे घालतोय बिचारा. काढा एकदाचा." मेहुण्यानं कॅमेरा लावला तशी त्यांना ती साबणाची डबी आठवली, आणि त्या हसल्या. फोटो असा आला, की मेहुणा स्वतःच म्हणाला, "दाजी, हा नशिबानं मिळतो."

तात्या दुपारी परतले. मी त्यांना कुंपणाशीच गाठलं आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला. मेहुण्यानं तो मोठा करत नेला. सुरकुत्या दिसल्या, कपाळावरचं गोंदण दिसलं, बुबुळात ओट्यासमोरचा लिंब दिसला. "बघा तात्या! दहा बाय आठ काय, वीस बाय सोळाला फुटणार नाही," मी म्हणालो. मला वाटलं, पाठीवर थाप पडणार.

तात्यांचा चेहरा उतरला. "पुसा," ते म्हणाले.

"अहो, काय बोलताय?"

"पुसा म्हन्तो ना! कुनी सांगितलं हुतं तुमाला?" तीस वर्षांत माझ्यावर आवाज न चढवलेला माणूस ओरडत होता, आणि ओरडता ओरडता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "दादाचा बी असाच झ्याक आला हुता. मीच नेल्तो त्याला फोटो काढाया. समदे म्हनले, एक नंबर फोटो. म्हैन्यात त्यो फ्लेक्सवर गेला. फोटो निघाला की मानूस मोकळा हुतो, सर. वैनीला मोकळं न्हाई हू द्यायची मला. न्हाई निघाला फोटो तर न्हाई निघाला. मी एकला काय करू ह्या घरात?"

मी इतिहासाचा शिक्षक. फोटोचा आणि मरणाचा काही संबंध नसतो, हे मला पाच मुद्द्यांत सांगता आलं असतं. मी मेहुण्याकडे बघितलं. त्यानं तात्यांच्या समोर फोटो पुसला. तात्यांनी पडदा वाकून वाकून तीनदा तपासला, टोपीनं डोळे पुसले आणि कालव्याच्या बाजूला निघून गेले.

मला फार ओशाळल्यासारखं झालं. तीन वर्षं मी या माणसाची स्टाफरूममध्ये नक्कल करून चहा मिळवला होता. मेहुण्याला घरी पाठवून मी आक्कांकडे गेलो. त्या ठेवणीतल्या लुगड्यातच ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"पुसला का?"

"पुसला."

"बरं केलं." मग लुगड्याचा काठ सारखा करत, "चांगला आल्ता का?"

"लई चांगला आक्का."

त्या हसल्या. म्हणाल्या, "तुमाला वाटलं, त्याला ठरवता येत न्हाई. ठरवायचंच न्हाई त्याला. बारका हुता तवा मी शाळंत सोडाया जायाची. दारात गेलं की ह्याचं चालू. पाटी राह्यली. पेन्सल मोडली. तहान लागली. एक झालं की दुसरं. मी निघू नये म्हनून समदं."

"मग तुम्ही काय करायचात?"

"काय करनार? वळचनीला बसायची," आक्का म्हणाल्या, "शाळा सुटंस्तवर."