शेलारकाकांचा पिक्चर

आमच्या वरच्या मजल्यावरचे शेलारकाका दर शुक्रवारी दुपारी नवा पिक्चर बघतात आणि शनिवारी सकाळी लिफ्टपाशी उभं राहून त्याची गोष्ट अख्ख्या सोसायटीला सांगतात. अडचण एवढीच, की ती गोष्ट त्या पिक्चरमध्ये नसते.

जाहिराती संपेपर्यंत काका जागे असतात. मग त्यांचा डोळा लागतो. मधेच कुठे बंदुकीचा बार झाला किंवा नायिका किंचाळली, की ते डोळे उघडतात, तेवढं बघतात आणि परत मिटतात. उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं आणि मिटल्या डोळ्यांनी पाहिलेलं, यांत ते भेदभाव करत नाहीत.

"वैशाली, कालचा लढाईचा पिक्चर बघच," एकदा मला म्हणाले. "रणगाडे येतात, धूळ उडते. मग धुकं उतरतं. धुक्यातून भाताची खाचरं दिसायला लागतात. कर्नल बूट काढून हातात घेतो आणि बांधावरून चालत निघतो. पलीकडे छत्री घेऊन एक बाई उभी. म्हणते, किती उशीर, डबा गार झाला की! काय सीन घेतलाय, अहाहा!"

मी, माझे मिस्टर आणि आई, तिघंही गेलो. रणगाडे आले, धूळही उडाली. धुकं काही उतरेना. पिक्चर संपला, पडद्यावर नावं वर सरकायला लागली, तरी आई खुर्ची सोडेना. "थांब गं, छत्रीवाली यायचीये अजून."

दुसऱ्या दिवशी मी काकांना जाब विचारला. ते जराही बिचकले नाहीत. "तुम्ही गेलात तो शो वेगळा असेल," म्हणाले.

भुताच्या पिक्चरबद्दल त्यांचं मत असं, की भूत चांगलं आहे, पण स्वभावानं तापट. "चहात आलं कमी पडलं म्हणून एवढं ओरडतात का कुणी?" कोर्टकचेरीच्या पिक्चरमध्ये न्यायाधीशीण बाई निकाल देता देता लसूण सोलत होत्या, ते मात्र त्यांना फार भावलं. "ह्या बाईला हल्ली सगळ्या पिक्चरांत घेतात," ते म्हणाले. "नाव कुठे देत नाहीत. पण काम सुरेख करते."

एका शुक्रवारी मला सुट्टी होती, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेले. कॉलेज रोडजवळचं थेटर. आत आम्ही दोघं आणि पार पुढे एक जोडपं, बस. पिक्चर बक्षीसवाला होता. त्यात कुणी बोलत नव्हतं. एक म्हातारा खिडकीत बसला होता, तो बसूनच राहिला. माझ्या पापण्या जड झाल्या. काका मात्र टक्क जागे! कूस बदलतायत, खाकरतायत, मागे वळून कुणी येतंय का बघतायत.

बाहेर टपरीवर चहा घेताना मी विचारलं, "काका, कसा वाटला?"

"अख्खा पाहिला," ते नापास झालेल्या पोरासारखे म्हणाले. "नुसता पिक्चरच होता गं."

मला हसू आलं. ते हसले नाहीत. ग्लासातल्या वाफेकडे बघत म्हणाले, "ती आलीच नाही आज."

"कोण?"

"मला काय कळत नाही होय, कुठल्या पिक्चरात काय असतं ते? ती सुमन. आमची ही." मग म्हणाले, "इगतपुरीला रेल्वेत होतो. क्वार्टरच्या खिडकीखालून गाड्या जायच्या आणि शेजारी ही घोरायची. तिच्या घोरण्यावरून जन्मभर भांडलो मी. ती गेल्यावर इथं मुलाच्या फ्लॅटवर आलो. मुलगा बंगळूरला. घर इतकं शांत आहे, की डोळाच मिटत नाही. थेटरात कसं, शेजारी कुणी खोकतं, कुणी कुरुमकुरुम खातं. तिथं लागते झोप. आणि लागली, की येते ती."

मी चहाचे पैसे दिले. म्हटलं, "रविवारी जेवायला या."

आले. आईनं भरली वांगी आणि बाजरीची भाकरी केली होती. जेवण झाल्यावर काका सोफ्यावर टेकले आणि बोलता बोलता त्यांची मान कलली. झालं, आमची धावपळ सुरू! मी टीव्ही बंद केला. मिस्टर चवड्यांवर चालत आत गेले. घर चिडीचूप झालं, आणि काका दचकून जागे झाले.

"माफ करा हं," म्हणत ते ओशाळून उठायला लागले. "निघतो मी."

"बसा हो भाऊ," आई म्हणाली. "मला चटणी कुटायचीये, तेवढीच सोबत." तिनं खलबत्ता घेऊन त्यांच्या पायाशी बैठक मारली आणि कुटायला सुरुवात केली. मी टीव्ही लावला, आवाज चांगला मोठा केला. आत मिस्टरांनी चांदवडच्या भावाला फोन लावला. चांदवडपर्यंत बिनफोनाचंही ऐकू जाईल, अशा आवाजात त्यांच्या गप्पा चालल्या. खिडकीतून दुपारचं पिवळं ऊन काकांच्या गुडघ्यांवर आलं होतं. त्यांची मान पुन्हा हळूहळू कलली. ओठ हलले. ते काहीतरी पुटपुटले आणि हसले.

काय म्हणाले ते ऐकायला आई कुटायचं थांबवून पुढे वाकली.

मी तिला हातानंच खूण केली, कुटत राहा.