हवालदारांच्या हेलिकॉप्टरचा नंबर

इस्लामपुरात सायकलच्या कॅरिअरवर डालगं बांधून कोणी निघाला, की लोक कोंबडीचा भाव विचारतात. हवालदार जगदाळ्यांना मात्र ज्यानं एकदा विचारला, त्यानं पुन्हा कधी विचारला नाही. ते सायकल थांबवत, स्टँडवर लावत, डालगं उचलत आणि आतलं लष्करी हेलिकॉप्टर दाखवत. मग त्या माणसाची लवकर सुटका नसे.

हे हेलिकॉप्टर त्यांनी पेन्शनीत आल्यावर स्वतःच्या हातानं केलं होतं. अंग शेवरीच्या लाकडाचं, पाती पत्र्याची, पुढची काच प्लास्टिकच्या बाटलीची. आकार खऱ्या यंत्राच्या तिसाव्या हिश्श्याचा. "एकास तीस!" हे त्यांचं पालुपद. पुढे पुढे त्यांना सगळं जगच या मापानं दिसायला लागलं. कपात चहा कमी आला, की "मालक, ह्यो एकास तीस हाय." मेहुण्याचा विषय निघाला, की "त्याची अक्कल? एकास तीस. त्येबी रंग दिल्याव."

यातला मालक म्हणजे मी. माझा लहानसा प्रेस आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, असलं सगळं मी स्क्रीनवर, म्हणजे जाळीच्या चौकटीतून शाई दाबून, छापतो. हेलिकॉप्टरशी माझा संबंध येण्याचं काही कारण नव्हतं. पण हवालदारांना शेपटीवर नंबर हवा होता, आणि नंबर हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात जुनं भांडण होतं.

ते असं. फौजेत असताना हवालदार आणि त्यांच्याच पलटणीतला विट्याचा किसन वर सरहद्दीवर बर्फात अडकले. दोघांचेही पाय गारठून गेले होते. हेलिकॉप्टरमध्ये एकाचीच जागा. आधी हवालदारांना नेलं, मग तेच हेलिकॉप्टर परत जाऊन किसनला घेऊन आलं. दवाखान्यात दोघं शेजारच्या खाटांवर शुद्धीवर आले आणि लगेच भांडायला लागले. हवालदार म्हणाले, हेलिकॉप्टरचा नंबर सातनं संपत होता. किसन म्हणाला, नऊनं. जीव वाचला याचा आनंद राहिला बाजूला. पुढे किसन सोनं गाळण्याच्या धंद्यात लांब मुलखात गेला, तर हे एसटीडी बूथवरून त्याला फोन लावायचे, "सात!" एवढंच ओरडायचे आणि ठेवून द्यायचे. शेवटी किसनच्या मुलीच्या लग्नात, भर पंगतीत विषय निघाला. हवालदार पानातली जिलबी तशीच टाकून उठले. तेव्हापासून बोलणं बंद.

आता किसननं विट्यात बंगला बांधला होता आणि वास्तुशांतीचं आमंत्रण धाडलं होतं. हवालदार आहेर म्हणून हे हेलिकॉप्टर नेणार होते. शेपटीवर सात घालून.

"हा आहेर आहे की नोटीस?" मी विचारलं.

"आहेरच. पर खरा."

त्यांचा हात थरथरायचा, त्यामुळे नंबर रंगवणं शक्य नव्हतं. आधी ते रेडियमवाल्याकडे गेले. त्यानं नंबर झकास कापला आणि शेजारी प्रेमानं एक गरुड फुकट चिकटवला. गरुड एक वेळ चालला असता, पण सगळं प्रकरण अंधारात चमकायला लागलं. "लढाईचं मशीन हाय ह्ये! दुश्मनाला बत्ती दाखवायची व्हय?" म्हणत त्यांनी ते जागच्या जागी खरवडलं.

मग त्यांना नातवाच्या मनगटावर च्युइंगमच्या कागदातलं चित्र दिसलं, पाणी लावून उतरवलेलं. झालं! आठवडाभर स्वतः च्युइंगम चघळत, कागद भिजवत बसले आणि जबडा धरून माझ्याकडे आले. "मालक, आसं पाण्यात सुटून बसणारं आकडं पायजेत. कड दिसाय न्हाई पायजे."

मी कधी केलं नव्हतं, पण नाही कसं म्हणायचं? कागदावर डिंकाचा थर, त्यावर पातळ पारदर्शक वार्निश, त्यावर छपाई, असा बेत केला. पाण्यात डिंक सुटला, की आकडा अलगद सरकून यायला हवा. "चांगला डिंक आणा," म्हटलं. त्यांनी असा डिंक आणला, की मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. खड्यासारखा स्वच्छ. तो कुठला, हे दुसऱ्या दिवशी त्यांच्या सौभाग्यवती प्रेसच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा कळलं.

"भावजी, माज्या सुनंच्या बाळंतपणाच्या लाडवांचा डिंक तुमचं हेलिकॉप्टर खातंय व्हय?"

हवालदार शाईच्या डब्यांमागे लपले. बर्फात टिकलेला माणूस, पण तिथून त्या जाईपर्यंत बाहेर आला नाही.

पहिली छपाई पाण्यात सोडली. आकडे सुरेख सरकले, शेपटीवर सुरेख बसले आणि आकड्यांच्या आधी ठसठशीत अक्षरांत "चि. सौ. कां." असंही सुरेख बसलं. सकाळी लग्नपत्रिका छापून त्याच स्क्रीनवर मी आकडे घेतले होते आणि एक कोपरा बुजवायचा राहिला होता. हवालदारांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"मालक," ते गंभीरपणे म्हणाले, "आमच्या पल्टनीला आलेलं मशीन कुवार न्हवतं."

त्यानंतर कधी सात वाकडा आला, कधी वार्निशला सुरकुती पडली. दर वेळी ते "रिजेक्ट!" म्हणायचे, मी चिडायचो, मग आम्ही चहा घ्यायचो. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मात्र नंबर जमला. इतका देखणा सात मी कुठल्या मुहूर्ताच्या पत्रिकेवरही छापला नव्हता. पाण्याची ताटली भरून मी त्यांची वाट बघत बसलो.

हवालदार आले, सात हातात घेतला, उजेडाला धरला. "लय ब्येस झालाय," म्हणाले. मग तो हळूच टेबलावर ठेवला.

"नऊ छापा."

मी ओरडलोच. एवढा डिंक, एवढं वार्निश, आणि आता नऊ?

"आवं, मला उचललं तवा मी डोळं घट्ट मिटून पडलोवतो. भ्यालोवतो. नंबर कशाचा बगतोय? सात आपला आसाच म्हनलो पैल्यांदा, आन् मग मागं फिरता येईना." ते डालग्याच्या काड्या चाचपत राहिले. "किसनला खाली एकट्याला ठिवून गेलो आमी. मशीन परत येईपतूर त्यो आबाळाकडं बगत बसला हुता. आलं म्हनल्यावर त्यानं कसं बघितलं आसंल त्याच्याकडं? त्यो नंबर चुकंल व्हय?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी नऊच्या तयारीला लागलो. थर वाळेपर्यंत हवालदार त्याला पुठ्ठ्यानं वारा घालत बसले. मग एकदम पुढे वाकले.

"पर त्यानं इचारलं, तर मी छापनाऱ्यानं चूक केली म्हनून सांगनार. चालंल न्हवं?"

"चालेल," मी म्हटलं आणि नऊ पाण्यात सोडला.