निम्मं वाटून

"गुन्हेगार माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि सुटलाच, तर तो गुन्हेगार नव्हता असं समजावं," अशी स्वतःची ओळख करून देणाऱ्या माणसाची मुलगी आपण मागणी घालून केली, याचं जावयाला अधूनमधून नवल वाटे. सासऱ्यांनी तीस वर्षं घरोघरचे पाण्याचे मीटर वाचले होते. गंजक्या झाकणाखालचा, शेवाळलेल्या काचेआडचा आकडा जो वाचतो, त्याला माणसाचा चेहरा वाचणं काय अवघड, असं त्यांचं म्हणणं. म्हणून निवृत्त झाल्यावर ते गुप्तहेर झाले. गल्ली त्यांना 'सुगावा' म्हणे. आजवर त्यांना एकच सुगावा लागला होता, तो स्वतःच्या हरवलेल्या चपलेचा, आणि ती त्यांच्या पायातच होती.

जावयाचं चष्म्याचं दुकान होतं. त्यामुळे सुगाव्यांना भिंग फुकट मिळालं आणि भिंग धरायला जावईही.

सासूबाई बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन म्हणून महिनाभर तिच्याकडे गेल्या होत्या. घर सांभाळायला मुलगी-जावई आले. भोपळ्याचे दिवस होते, म्हणून मुलीने आईची वही काढली आणि भोपळ्याचं सूप केलं. सुगाव्यांनी एक चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"चोरी झाली आहे."

"कसली, बाबा?"

"चवीची. ही तुझ्या आईची चव नाही."

"मला तर अगदी आईसारखंच लागतंय. मीठ कमी आहे का?"

"मीठ शाबूत आहे. चोर हुशार दिसतो."

मुलीने दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. सुगावे दोन चमचे घेत आणि वाटी पुराव्यासारखी बाजूला सरकवत. आठवड्याभरात त्यांची पँट पट्ट्याच्या शेवटच्या भोकावर आली. शेवटी मुलगी नवऱ्याला म्हणाली, "रविवारी एकदा करून बघते. नाहीच जमलं, तर आईला सांगते, परत ये, माझ्याच्याने होत नाही." हे सांगताना ती कांदा चिरत नव्हती, तरी डोळे पुसत होती. जावयाला ते अजिबात आवडलं नाही. म्हणून त्याने भिंग उचललं.

पहिला संशय भोपळ्यावर होता. भाजीवालीची उलटतपासणी झाली.

"हा भोपळा कुठून आला?"

"वेलावरून."

"वेल कोणाचा?"

"भोपळ्याचा. घ्यायचा आहे की सोयरीक जुळवायची आहे?"

दुसरा संशय खुद्द मुलीवर. यंदाचा भोपळा पाणचट आहे म्हणून तिने त्यात एक गाजर टाकलं होतं. "कबुलीजबाब!" सुगावे गरजले. गाजर बाद झालं आणि सूप आणखी बेचव झालं. सासूबाईंना फोन लावला, तर त्या उसळल्या. "गाजर काय, मी रताळंसुद्धा घालते. ज्या दिवसांत जे मिळेल ते. बाकी वहीत लिहिलंय तस्संच करते, मनाचं काही नाही. आणि ह्यांना सांग, जेवा मुकाट्याने." डॉक्टर आले म्हणून त्यांनी फोन ठेवला. गाजर पातेल्यात परत आलं.

मग वहीवर भिंग फिरलं. सुगाव्यांनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. "जावईबापू, शेवटची ओळ बघा. 'निम्मं वाटून मग जेवायला बसावं.' वरचं सगळं निळ्या शाईत, ही ओळ काळ्या! ती मागाहून घुसडली आहे."

"अक्षर सासूबाईंचंच आहे."

"तेच तर! खोटं अक्षर नेहमी खऱ्यासारखं असतं."

"पण ती तर निम्मं सूप मिक्सरमधून वाटून घेते. चुकतंय कुठे, असं तुम्हाला वाटतं?"

"मला वाटत नसतं. मी निष्कर्ष काढतो."

निष्कर्ष शेजारीणबाईंवर निघाला. सूप उकळायला लागलं की त्या रोज कुंपणापाशी येत, यांच्या खिडकीकडे बघत आणि तोंड पाडून आत जात. सुतावरून स्वर्ग गाठायला सुगाव्यांना सूतही लागत नसे. रविवारी संध्याकाळी ते दोरीवरच्या टॉवेलमागे दबा धरून बसले. जावयाने चादर पसंत केली, ती लांबीला बरी होती.

शेजारीणबाई आल्या, पण आज कुंपणापाशी थांबल्या नाहीत. सरळ टॉवेलाजवळ आल्या.

"सुगावे, तुमचे पाय दिसतायत. आता एकच सांगा, माझं काय चुकलं?"

"प्रश्न मी विचारतो!" टॉवेल म्हणाला.

"दरवर्षी भोपळ्याचं सूप झालं की पातेलंभर माझ्याकडे येतं. यंदा रोज वास येतो, सूप येत नाही. वहिनी गेल्या म्हणून आम्ही परके झालो का?"

मुलगी हातातल्या डावासकट बाहेर आली. "आई तुम्हाला सूप देते?"

"निम्मं वाटल्याशिवाय तुझी आई जेवायला बसत नाही. तुझं लग्न झालं त्या वर्षी मी इथे राहायला आले, तेव्हापासून. मी तरी भांडं रिकामं कसं परत पाठवू? परसातल्या आंबट सफरचंदांची चटणी घालून देते. चांगली चमचाभर ह्यांच्या वाटीत पडते, म्हणे. त्याशिवाय ह्यांना घास उतरत नाही."

मुलीने खिडकीतून ओट्यावरच्या वहीकडे बघितलं, मग मिक्सरकडे. दहा दिवस ती जे निम्मं वाटत होती, ते शेजारी वाटायचं होतं. जावई चादरीतून बाहेर आला आणि शहाणपणाने दुसरं पातेलं आणायला आत गेला.

निम्मं सूप कुंपणापलीकडे गेलं, चटणीची बरणी अलीकडे आली. सुगाव्यांनी चमचाभर चटणी ढवळली, एक घोट घेतला आणि थेट तळ दिसेपर्यंत थांबले नाहीत.

"हीच! तुझ्या आईच्या हातची चव!"

"चटणी माझ्या हातची आहे," शेजारीणबाई म्हणाल्या. "बारा वर्षं कौतुक मात्र वहिनींचं होतंय."

"थांबा," मुलगी म्हणाली. "आईची चव मला ठाऊक आहे ती चटणीच्या आधीची. म्हणजे माझं सूप पहिल्या दिवसापासून बरोबर होतं?"

सुगाव्यांनी भिंग पुसलं, खिशात ठेवलं, परत काढलं. ज्या माणसाने तीस वर्षांत एकाही मीटरचं वाचन चुकलं असं कबूल केलं नाही, त्याला हे जड जाणारच.

"बरोबर होतं," ते शेवटी म्हणाले. "जीभ माझी चुकत होती. तुला उगाच रडवलं, बाळ."

मुलीने स्वतःसाठी वाटी भरली, गाजराचा एक तुकडा मुद्दाम वर घेतला आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. इतके दिवस ती बाबांच्या चेहऱ्याकडे बघत उभ्यानेच जेवत होती. आज तिने मान वर केली नाही, आणि सूप गरम असतानाच संपवलं.