लॉर्न पेनर यांना क्लबातून काढण्याबाबत

माणूस जन्मतो एकदाच आणि एकाच ठिकाणी. नोंदी मात्र त्याच्या अकरा ठिकाणी होतात. म्हणून कुणाला आत घेणं सोपं, बाहेर काढणं महाकठीण.

कॅनडात, आमच्या मॅनिटोबातल्या कर्लिंग क्लबातून (बर्फावर दगड सरकवायचा आणि त्याच्यापुढे झाडू मारत धावायचं, यासाठी आम्ही वर्गणी भरतो) लॉर्न पेनरला बाहेर पडायचं होतं. नदीपलीकडच्या क्लबाने त्याला कर्णधारपद देऊ केलं होतं. अट एकच, शुक्रवारपर्यंत इथलं नाव निघालं पाहिजे.

क्लबाची वेबसाइट व्हेल्मा सांभाळते. ती निवृत्त दंतवैद्य असल्याने मुळासकट उपटण्याचा तिला दांडगा अनुभव. तिने पीएचपी या संगणकी भाषेत एक बटण केलं: ‘सॉरी, काढा’. ते दाबलं की डेटाबेसला एसक्यूएलचा हुकूम सुटून सगळ्या तक्त्यांतल्या ओळी पुसल्या जाणार. संघ, लॉकर, झाडू, पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, कोण काय आणणार (जेलोचं, म्हणजे थरथरत्या जेलीचं, सॅलड: चौदा जण; खाणारे: शून्य). सभासदाची मूळ ओळ मात्र सर्वांत शेवटी. बाप आधी पुसला तर खालच्या नोंदी पोरक्या होतात.

“मध्येच अडकलं तर सगळं परत जागेवर येतं ना गं?” लॉर्नने विचारलं.

“तशी एक ओळ असते. मी गाळली. एकदा दिलेला शब्द फिरवणं बरं दिसत नाही.”

हुकूम होता, लॉर्नशी जोडलेलं सगळं काढा. आता आमच्या गावात लॉर्नशी जोडलेलं नाही कोण? संघामुळे सोबती गेले, सोबत्यांमुळे त्यांच्या बायका, बायकांमुळे जेलो. सुक्याबरोबर ओलंही जळालं. सामायिक लॉकरपायी खुद्द व्हेल्मा गेली. सर्व्हर एका कामाला तीस सेकंद देतो, मग ते आहे तिथेच तोडतो. एकतिसाव्या सेकंदाला लॉर्नची पाळी होती.

क्लबात आता तो एकटाच सभासद. म्हणजे अध्यक्ष तोच, खजिनदार तोच, गणपूर्तीही तोच. गुरुवारी त्याने सर्वसाधारण सभा भरवली. आम्ही बाहेरून काचेतून पाहत होतो (बिगरसभासदांना आत मज्जाव आहे). त्याने स्वतःचा राजीनामा मांडला, त्यावर चर्चा केली आणि एकमताने फेटाळला.

“अरे येड्या, हे काय केलंस?” व्हेल्मा ओरडली.

“मी गेलो तर तुम्हाला परत आत कोण घेणार?” तो डोळे पुसत म्हणाला. मला अगदी भरून आलं. “फक्त जेलोवाल्यांनी घाई करू नका.”

वाचकहो, हसू नका. तुम्हाला अजून एकाही मंडळातून, एकाही ग्रुपमधून कुणी काढलेलं नाही, म्हणजे तुम्ही सगळ्यांना हवेहवेसे आहात असं समजू नका. बटण कधीच दाबून झालंय. तुमच्यापाशी येईतो वेळ संपली, इतकंच.